उतारा

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडवरून बाजारपेठेकडे चालू लागलं की थोड्याच अंतरात तीन पाट्या भेटतात. पहिली मेडिकलची. दुसरी कृषी सेवा केंद्राची. मोठ्या नावाखाली एक ओळ असते, ‘बी-बियाणे, खते व औषधे’. तिसरी जरा आडबाजूला, ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’. पहिल्या दुकानात माणूस दुखणं घेऊन जातो, दुसऱ्यात पिकावरची अळी, तिसऱ्यात दिवसभराचा शीण. तिन्ही दुकानं वेगळी, गिऱ्हाईक बहुतेक वेळा तेच. पाट्यांवरचे शब्द उकलून पाहिले, तर माल तिन्हीकडे एकच ठेवलेला दिसतो, तो म्हणजे औषध. ‘दारू’ हा मूळचा फारसी शब्द, आणि फारसीत त्याचा अर्थ औषध, इलाज.

‘दवादारू केली, पण गुण आला नाही’ असं म्हणणाऱ्याच्या मनात बाटली नसते. त्या जोडशब्दात दारूचा जुना अर्थ अजून शाबूत आहे. इराणात तर तो रोजच्या वापरात आहे. तेहरानमध्ये औषधाच्या दुकानाला ‘दारूखाने’ म्हणतात. मुंबईत रे रोडच्या पलीकडे, बंदराच्या कडेला ‘दारूखाना’ आहे. तिथे जुनी जहाजं तोडतात आणि नावात आहे ती तोफेची दारू. एकच शब्द एका शहरात खोकल्याचं औषध विकतो आणि दुसऱ्या शहरात स्फोटकाची आठवण सांगतो. मराठीनं दारूचा हा तिसरा अर्थही जपला आहे. दारूगोळा, शोभेची दारू, दिवाळीत दारू उडवणं, यांत नशेचा थेंबही नाही. चिनी भाषेत बंदुकीच्या दारूला ‘हुओयाव’ म्हणतात, म्हणजे अग्नीचं औषध. आयुष्य वाढवणारं रसायन शोधणाऱ्या चिनी किमयागारांच्या हाती साधारण नवव्या शतकात ते मिश्रण लागलं. शोध अमरत्वाचा होता, सापडली तोफ.

रसायन हा शब्दही त्याच वाटेनं गेला. आयुर्वेदात रसायन म्हणजे म्हातारपण लांबवणारं, शरीर सावरणारं औषध. च्यवनप्राश हे त्याचं घरोघरी माहीत असलेलं उदाहरण. वर्तमानपत्रात हातभट्टीवरच्या छाप्याची बातमी वाचावी, तर ‘गूळमिश्रित रसायन जागीच नष्ट केले’ असं वाक्य हमखास येतं. काळा गूळ, नवसागर आणि पाणी पिंपात दिवसेंदिवस आंबत ठेवलेलं असतं, वर फेस धरलेला असतो, आणि पंचनाम्यात त्याचं नाव रसायन. त्यातून निघतो तो अर्क. हा अर्क अरबी ‘अरक’वरून आला, आणि अरक म्हणजे घाम. तापलेल्या भांड्याच्या झाकणाला आतून थेंब धरतात ते पाहून कुणा अरबाला कपाळावरचा घाम आठवला असावा. गोव्यात काजूच्या बोंडांची पहिली, सौम्य दारू निघते, तिचं ‘हुर्राक’ हे नावही या घामाच्याच कुळातलं.

तर औषध, दारू, रसायन हे सगळे शब्द निघाले बरं करण्यासाठी आणि पोचले भलतीकडे. हे मराठीपुरतं असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण नशेचे आणि विषाचे शब्द जिथे जिथे खणावेत, तिथे बऱ्याचदा खाली औषधाची मुळी लागते.

आधी क्रियापदं पाहावीत. शब्द परके असू शकतात, क्रियापदं मात्र घरची असतात, आणि भाषेला एखादी गोष्ट खरोखर कशी दिसते ते त्यांच्यात कळतं. मराठीत दारू चढते. विष चढतं. ताप चढतो, पारा चढतो. सर्पदंश झालेल्या माणसाभोवती जमलेली माणसं जे एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलतात, ते ‘विष चढू देऊ नका’ हेच असतं. जे बाहेरून येऊन अंगाचा ताबा घेतं आणि पायापासून डोक्याकडे जातं, ते मराठी माणसाच्या लेखी चढतं. दारूही भिनते, विषही भिनतं, तेल वातीत भिनावं तसं. अन्न बाधतं, नजर बाधते, आणि शासकीय मराठीत ‘विषबाधा’ होते. त्या शब्दात भूतबाधेतली बाधाच आहे.

‘लागणे’ तर याहून बारीक. ओली सुपारी खाल्लेल्या माणसाला एकाएकी छातीत दाटून येतं, कानशिलं गरम होतात, कपाळावर दरदरून घाम फुटतो आणि पायाखालची जमीन हलकी झाल्यासारखी वाटते. तेव्हा पंगतीतलं एखादं जाणतं माणूस शांतपणे सांगतं, ‘सुपारी लागलीय, जरा बस, पाणी पी.’ ही नशा आहे की विषबाधा? त्या क्षणी दोन्ही आहे, आणि भाषेनं निवाडा न करता एकच शब्द दिला आहे. ऊन लागतं, तंबाखू लागते, नव्या गावचं पाणी लागतं. ज्यानं त्रास झाला ती वस्तू वाईट आहे असं यात कुठंच म्हटलेलं नाही. ती त्या दिवशी, त्या देहाला, त्या मापात लागली, एवढंच.

जे चढलं ते उतरतं, किंवा उतरवावं लागतं. विषावरचा उतारा, दारूवरचा उतारा, भूत लागलं म्हणून तिठ्यावर नारळ-भात ठेवतात तो उतारा. पुस्तकातून उतरवून घेतलेला मजकूर तो उतारा, आणि तलाठ्याकडून मिळणारा सातबाराचा कागद तोही उताराच. मराठीतल्या सुंदर शब्दांची यादी करायची झाली तर हा शब्द बराच वर असावा. चढलेल्या वस्तूला मारून टाकणं त्यात नाही; तिला आल्या वाटेनं परत खाली आणणं आहे.

संस्कृतात नशेचं बरंचसं गोत ‘मद्’ या धातूतून निघालं. मूळ अर्थ हर्ष होणं, उल्हसित होणं. त्यातून मद्य आलं, मदिरा आली, मदन आला, उन्माद आला. भान सुटून केलेली चूक म्हणजे प्रमाद. षड्रिपूंच्या ओळीत अगदी शेवटी मद आणि मत्सर शेजारी बसलेले असतात, ते नुसते यमकासाठी नव्हेत. ऋग्वेदात ‘मत्सर’ हे सोमरसाचं विशेषण आहे, अर्थ उल्हास देणारा. बहुतेक कोशकार त्याचं मूळही मद् धातूतच पाहतात. दुसऱ्याचं बरं पाहून पोटात ढवळणारा मत्सर हा त्या शब्दाचा पुढच्या काळातला अवतार. ज्या पेयानं देवांना आनंद होत असे, त्याच शब्दानं माणसाच्या मनातली जळजळ सांगितली जाऊ लागली.

हाच मद् धातू इराणी भाषांमध्येही आहे, आणि आपल्या ‘मत्त’च्या जागी तिथे ‘मस्त’ झाला. दोन्ही शब्द सख्खे भाऊ, एक गंगेकाठी वाढला आणि एक फारसात. फारसीत मस्त म्हणजे दारू चढलेला. तो भाऊ मुसलमानी अमदानीत दख्खनेत आला आणि इथे असा रुळला, की ‘मस्त झालीय भाजी’ म्हणताना कुणाला नशेची शंकाही येत नाही. मस्तीत मात्र जुना रंग दिसतो. ‘मस्ती आलीय का?’ हा प्रश्न ऐकणाऱ्याला त्यातली धमकी बरोबर कळते. हत्तीच्या गंडस्थळातून पाझरणाऱ्या स्रावाला संस्कृतात मद म्हणतात. त्या अवस्थेला इंग्रजीतले प्राणिशास्त्रज्ञ ‘मस्थ’ म्हणतात, आणि तो शब्द त्यांनी हिंदुस्थानातल्याच ‘मस्त’वरून उचलला.

त्याच कुळातला पण अस्सल देशी शब्द म्हणजे माज. म्हैस माजावर येते, माणूस पैशानं माजतो. मातलेला, माजलेला, मदोन्मत्त या तिघांत फरक एवढाच, की पहिले दोघे गावात राहिले आणि तिसरा पोथीत. इथेही क्रियापद तेच, माज चढतो आणि माज उतरवतात.

माजाचा हा शब्द धान्यालाही लागू पडतो, आणि तिथे नशा आणि विष यांमधली रेघ पुसट होते. कोकणातल्या वरकस जमिनीत हरीक पिकायचा. देशावर आणि उत्तरेत त्यालाच कोद्रू, कोदो म्हणतात. गरिबाचं धान्य, खडकाळ मातीत येणारं, वर्षानुवर्षं टिकणारं. पण कधी कधी हा भात खाल्ल्यावर माणसाला गरगरतं, ओकाऱ्या होतात, हातपाय थरथरतात, जीभ जड पडते, आणि दारू प्यायल्यासारखा तो जागच्या जागी झोपतो. उत्तर हिंदुस्थानातले शेतकरी अशा दाण्याला ‘मतौना कोदो’ म्हणतात. त्या नावात ‘मत्त’ सरळ ऐकू येतो. दोष दाण्याचा नसतो. पीक ओलं राहिलं की त्यावर बुरशी धरते आणि ती सायक्लोपियाझोनिक आम्ल नावाचं विष तयार करते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या बांधवगड व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत तेरा हत्तींचा कळप कोदोच्या शेतात चरला आणि तीन दिवसांत त्यातले दहा हत्ती मेले. तपासात त्यांच्या अवयवांत हेच आम्ल सापडलं. हत्तीचा मद, मस्त हत्ती, मतौना कोदो हे शब्द शेकडो वर्षं एकमेकांच्या शेजारी राहत आलेले, आणि त्या आठवड्यात ते असे एकत्र आले. शेतकऱ्यानं दिलेलं नाव प्रयोगशाळेच्या अहवालाच्या कितीतरी आधीचं होतं. हे धान्य मातवतं, एवढी सूचना त्या एका शब्दात पुरेशी होती.

धोतऱ्याचंही तसंच. संस्कृतात त्याचं एक नावच ‘उन्मत्त’ आहे. झाडाला असं नाव दिलं, की पोरांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आयुर्वेदाच्या वैद्यांनी हे नातं नुसतं ओळखलं नाही, तर मांडून ठेवलं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात तेविसावा अध्याय विषचिकित्सेचा आहे आणि चोविसावा मदात्ययाचा, म्हणजे दारूपासून होणाऱ्या विकारांचा. दोन्ही अध्याय पाठोपाठ ठेवण्यामागे विचार आहे. विषाचे दहा गुण सांगितले आहेत आणि मद्याचेही दहा. लघु, रूक्ष, उष्ण, तीक्ष्ण, सूक्ष्म, झपाट्यानं पसरणारं, पचायच्या आधीच अंगभर जाणारं, सांधे सैल करणारं. यादी जुळवत गेलं तर नऊ गुण सारखेच निघतात. फरक मुख्यतः जोराचा. विषात ते गुण प्रखर, मद्यात मवाळ. देहातल्या ओजाचे दहा गुण नेमके याच्या उलट, म्हणून मद्य ओजाशी भांडतं. आणि याच संहितेत, पहिल्याच अध्यायात, नीट योजलं तर जहाल विषही उत्तम औषध होतं आणि वाईट योजलं तर औषधही विष होतं, असा निर्वाळा दिला आहे. हे लिहिणाऱ्यांनी हजारो रोगी डोळ्यांनी पाहिले असणार. ऐकीव गोष्टींवर असं वाक्य उभं राहत नाही.

पुराणांनीही दोघांचा जन्म एकाच ठिकाणी लावला. समुद्र घुसळला तेव्हा त्यातून हलाहलही आलं आणि वारुणीही. रामायणाच्या बालकांडात म्हटलं आहे, की ज्यांनी ही वारुणी म्हणजे सुरा घेतली ते सुर आणि ज्यांनी घेतली नाही ते असुर. भाषाशास्त्र याच्या उलट सांगतं. ‘असुर’ हा शब्द जुना, वेदांत तो वरुणासारख्या देवांनाही लावलेला आहे. पुढे त्यातला ‘अ’ नकाराचा आहे असं समजून ‘सुर’ हा शब्द मागाहून घडवला गेला. कथा व्याकरणात टिकत नाही, पण समाजाच्या मनात काय होतं ते ती अचूक सांगते. मद्य घेणारे देव आणि न घेणारे दैत्य असं मानणारा एक काळ आपल्याकडे होऊन गेला.

युरोपच्या शब्दांत फार रेंगाळायचं कारण नाही, पण दोन-चार गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. ग्रीक भाषेत ‘टॉक्सॉन’ म्हणजे धनुष्य. बाणाच्या टोकाला चोपडायच्या औषधाला ते ‘टॉक्सिकॉन फार्माकॉन’ म्हणत, आणि ‘फार्माकॉन’ म्हणजे औषधही आणि विषही. पुढे औषध गळालं आणि धनुष्य उरलं. आजचं टॉक्सिक, टॉक्सिन त्या धनुष्याचं. इंग्रजीत नशेला ‘इंटॉक्सिकेशन’ म्हणतात, त्याचा पहिला अर्थ विष घालणं हाच होता. जर्मन भाषेत ‘गिफ्ट’ म्हणजे विष. मूळ अर्थ देणं, दिलेली वस्तू. ग्रीक ‘डोसिस’, म्हणजे औषधाची दिलेली मात्रा, या शब्दाच्या नकलेवर तो अर्थ आला. आपला ‘डोस’ त्याच डोसिसचा. ‘औषधालाही शिल्लक नाही’ हा मराठी वाक्प्रचार याच शहाणपणाचा. औषध म्हणजे चिमूटभर, त्याहून जास्त असेल तर ते औषध नव्हे. १५३८ मध्ये पॅरासेल्सस या वैद्यानं नेमकं हेच लिहिलं, की वस्तू विष आहे की नाही ते मात्रा ठरवते.

आणि ‘पॉयझन’? तो लॅटिन ‘पोटिओ’वरून आला, अर्थ फक्त पेय. ज्या मुळातून संस्कृत पान, पेय आणि मराठी पिणं, पाणी निघालं, त्याच मुळातून हा शब्द निघाला. मद्यपान आणि विषपान यांत पान एकच आहे, ते का, हे इथे कळतं. संस्कृतातही ‘गर’ म्हणजे गिळायची वस्तू, पेय. तोच शब्द विषाचा झाला आणि गरलही त्याच्याच घरातलं. लॅटिन ‘व्हायरस’ म्हणजे विष, आणि तो आपल्या ‘विष’ शब्दाचा भाऊबंद. ज्या कुणी मराठीत व्हायरसला ‘विषाणू’ म्हटलं, त्यानं अर्थाचं भाषांतर केलं आणि शब्द न कळत मूळ घरी आणला.

दरबारी मराठीनं नशेला दिलेले शब्द वेगळ्या धाटणीचे आहेत. ‘अंमल’ अरबी ‘अमल’वरून, अर्थ काम, कृती. पेशव्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल, अंमलदार, अंमलबजावणी. आणि त्याच शब्दातून अमली पदार्थ, ‘मद्याच्या अमलाखाली गाडी चालवली’. राज्य करणं आणि नशा होणं यांना एकच शब्द देणाऱ्या माणसानं दोन्ही जवळून पाहिलं असलं पाहिजे. कैफ आणि कैफियत यांचंही मूळ एकच, अरबी ‘कैफ’, अर्थ ‘कसं?’ कसं आहे ते सांगणारी ती कैफियत. आणि कसं आहे ते सांगता येऊ नये असा तो कैफ, असा आपला मराठीचा अनुभव.

आजच्या बोलीत मात्र दारूचं नाव न घेता बोलायची रीत आहे. ‘तो पितो’ म्हटलं की काय, ते विचारावं लागत नाही. ‘तुम्ही घेता का?’ हे त्याहून अदबीचं. ‘आज बसायचं का?’ हे मित्रांतलं. चढल्यानंतरचे शब्द तेवढे मोकळे आहेत. तर्र, टुन्न, टाइट, फुल्ल, झिंगलेला. घेणं हे क्रियापद मेडिकलच्या दुकानातलंच आहे. गोळी घेतात, काढा घेतात, तशी दारूही घेतात. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर लोक प्रकृतीच्या कारणासाठी म्हणून पिण्याचे परवाने काढत, तेव्हा फारसीतला जुना अर्थ सरकारी कागदावर पुन्हा उमटला असं म्हणायला हरकत नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त १९१९ साली मराठी रंगभूमीनं या घेण्याचा शेवट पाहिला. नायक सुधाकराच्या हातातला अखेरचा प्याला विषाचा असतो. शंभर वर्षं प्रेक्षक तो प्याला पाहत आले आहेत.

रंगभूमीबाहेर तो प्याला झोपडपट्टीत प्यायला जातो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं मेली. त्या दारूत मिथाइल अल्कोहोल होतं. हा शब्द जरा जवळून पाहण्यासारखा आहे. १८३४ मध्ये द्यूमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी लाकडापासून निघणाऱ्या स्पिरिटसाठी दोन ग्रीक शब्द जोडून नाव घडवलं. ‘मेथी’ म्हणजे मद्य आणि ‘हिली’ म्हणजे लाकूड. हा ग्रीक ‘मेथी’ संस्कृत ‘मधु’चा सख्खा भाऊ. मध, मधुर, मोहाचं मूळ नाव मधूक, हे सगळे त्याच्या घरातले. आणि अल्कोहोल? अरबी ‘अल-कुह्ल’, डोळ्यात घालायचा सुरमा. बारीक वस्त्रगाळ पूड, मग कुठल्याही पदार्थाचा शुद्ध अंश, आणि पॅरासेल्ससच्या काळापासून द्राक्षदारूचा शुद्ध अंश, असा त्या शब्दाचा प्रवास. म्हणजे मिथाइल अल्कोहोल या नावात मध आहे आणि काजळ आहे. ते पोटात गेलं की यकृत त्याचं फॉर्मिक आम्ल बनवतं आणि ते आम्ल डोळ्यांची नस जाळतं. दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे, एवढ्यानंही दृष्टी जाऊ शकते. अशा दुर्घटनेतून वाचलेल्यांपैकी कित्येकांना पुढचं सगळं आयुष्य अंधारात काढावं लागतं.

यावर इस्पितळात एक उतारा वापरतात, आणि तो म्हणजे पिण्याची दारू, इथाइल अल्कोहोल. यकृतातलं जे विकर मिथाइलचं विष बनवतं, ते इथाइल समोर आलं की आधी त्याच्याकडे वळतं. तेवढ्या अवधीत मिथाइल लघवीवाटे, डायलिसिसनं बाहेर काढता येतं. फोमेपिझोल नावाचं औषध हेच काम अधिक नेमकं करतं. म्हणजे दारूच्या विषावर दारूचा उतारा आजही वैद्यकाच्या पुस्तकात आहे, मात्र डॉक्टरच्या हातून आणि मोजून.

इथपर्यंत भाषेनं माणसाला दगा दिला असं कुठंच म्हणता येत नाही. ‘दारू’ शब्दातलं औषध कुणाच्या ध्यानात नाही, म्हणून त्यानं कुणी फसत नाही. चढणं, लागणं, मातणं हे शब्द तर उलट सावध करतात. पण एक शब्द असा आहे, की तो रोज फसवतो, आणि तो त्या दुसऱ्या दुकानाच्या पाटीवर आहे.

‘औषध मारायला गेलाय.’ ‘कपाशीला कोणतं औषध देऊ?’ ‘अळी आलीय, औषध द्या चांगलं.’ महाराष्ट्राच्या शेतात कीटकनाशकाला औषधाशिवाय दुसरं नाव नाही. शहरांनीही शहाणपणा मिरवू नये. उंदराचं औषध, झुरळाचं औषध, ढेकणाचं औषध हे शब्द पुण्यामुंबईचेच. आणि बातमीत येतं ‘विषारी औषध प्राशन करून जीवन संपवले’. प्राशन हा अन्नप्राशनातला शब्द, बाळाच्या पहिल्या घासाचा. विषाला औषध आणि पिण्याला प्राशन, असं ते वाक्य तयार होऊन बसलं आहे आणि उपसंपादक ते न अडखळता छापतात.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जण इस्पितळात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती. खाली वाकून मारायची फवारणी तोंडासमोर मारावी लागत होती. पाठीवर पंप, अंगात घामानं भिजलेला सदरा, हातमोजे नाहीत, तोंडाला फार तर रुमाल. दोन-तीन डब्यांतलं मिश्रण बादलीत काठीनं किंवा हातानं ढवळलेलं. हातानं ढवळलं याचं नवल वाटणाऱ्यांनी तो शब्द आठवावा. औषधात हात घालायला माणूस भीत नाही. विष म्हटलं असतं तर भ्यायला असता.

अशा रोग्याची लक्षणं पाहणाऱ्याला चकवतात. तोंडाला फेस, घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, चाल लटपटती, बोलणं अडखळतं. लांबून पाहणारा म्हणतो, प्यायलाय. तिथे गेलेला वेळ परत मिळत नाही. ऑर्गनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकावर इस्पितळात पहिलं इंजेक्शन देतात ते अ‍ॅट्रोपिनचं, आणि अ‍ॅट्रोपिन हे धोतऱ्यात असणारं द्रव्य आहे. ज्या झाडाला पूर्वजांनी उन्मत्त म्हटलं, त्याच्या विषानं शेतातल्या ‘औषधा’चं विष उतरवावं लागतं. बाहुल्या पुन्हा मोठ्या होईपर्यंत, घाम आटेपर्यंत, डॉक्टर उशाशी उभं राहून ते देत असतात.

हे विष शेतातच थांबत नाही. बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या एका गावी जुलै २०१३ मध्ये शाळेतलं दुपारचं जेवण जेवून तेवीस मुलं दगावली. जेवणात मोनोक्रोटोफॉस सापडलं. घरात धान्याच्या कोनाड्याशेजारी, तेलाच्या बाटल्यांच्या ओळीत कीटकनाशकाचा डबा ठेवायची सवय आपल्याकडेही गावोगाव आहे. औषधच ते, घरातच राहणार.

कायद्यानं आपलं काम बऱ्यापैकी केलं आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार प्रत्येक डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन छापावा लागतो. खालचा अर्धा भाग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्यावर कवटी आणि दोन हाडं. वर इंग्रजीत ‘पॉयझन’. तो चौकोन लहान असतो, आणि दुकानदार डबा कागदात गुंडाळून देताना ज्या नावानं देतो ते नाव मोठं असतं.

मराठीला यासाठी नवा शब्द शोधायचा नाही. विष हा शब्द आहे, जहर आहे, कीटकनाशक हा सरकारी शब्दही वाईट नाही. मतौना कोदो म्हणणाऱ्या शेतकऱ्यानं जशी दाण्याच्या नावातच सूचना ठेवली, तशी ती या डब्याच्या नावात ठेवायची आहे. कृषी सेवा केंद्रांच्या मालकांनी पाट्या पुन्हा रंगवताना ‘खते, बियाणे व कीटकनाशके’ असं लिहावं. उपसंपादकांनी ‘विषारी औषध’ खोडून ‘कीटकनाशक’ लिहावं. कृषी विभागाच्या शिबिरांत, शेतीशाळांत, आकाशवाणीच्या शेतीविषयक कार्यक्रमांत औषध हा शब्द फक्त माणसांच्या आणि गुरांच्या दुखण्यासाठी राखून ठेवावा. आणि घरातल्या बाईनं शेताकडे निघालेल्या माणसाला ‘औषध मारून लवकर या’ असं न म्हणता, ‘विष मारताय, तोंड बांधा, आल्यावर आंघोळ केल्याशिवाय पोराला उचलू नका’ असं सांगावं.